बदलीची बाटली

७ जानेवारी १९९६, नेरूळ

आज तुर्भ्याची खोली सोडून रोहनच्या नव्या फ्लॅटात राहायला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना चार वेळा थांबलो आणि दर वेळी रोहनला सांगितलं की बांधकाम बघतोय. पोरगं हसलं नाही. सूनबाई सोनमने मात्र दारातच माझ्या हातात लिंबूपाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, आता पाहणी झाली असेल तर बसा." मुलगी तिखट आहे. आमचं जमेल.

घर छान आहे. पांढऱ्याशुभ्र फरश्या, नळाला पाणी, गॅलरीतून खाडीकडची झुडपं दिसतात. खिडक्यांना जाळ्या, बाहेर लोखंडी दार, आत लाकडी दार. रोहन म्हणाला, इथं चिमणीसुद्धा विचारल्याशिवाय येत नाही. मला खोली दिलीय ती उजेडाची. ही डायरी त्यानेच आणली. एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आता स्वतःची लिहायची.

सोळा तारखेला मुंबईला बायपास. तीन नळ्या बंद आहेत. डॉक्टर म्हणतात, पायातली शीर काढून छातीत जोडतात. माझ्यासारख्या पायी चालणाऱ्याचा पाय शेवटी कामाला आला. चेष्टा पुरे. मला मरायचं नाही. बायको चांगुणा गेल्यावर वाटायचं की आता कधीही बोलावणं यावं, पण ते खोटं होतं. मला खूप जगायचंय.

१२ जानेवारी

रक्ताची धावपळ संपली. हॉस्पिटलचा कायदा सरळ आहे: रक्तपेढीतून जितक्या बाटल्या घ्याल, तितकी माणसं बदली म्हणून आणायची. फुकट काही नाही. कारखान्यातल्या पाच जणांनी कालच जाऊन दिल्या. राहिली एक. ती मात्र ऑपरेशनच्या सकाळी काढलेली, ताजी आणि माझ्याच गटाची हवी. ओ निगेटिव्ह. असली माणसं शोधून सापडत नाहीत.

रोहनचा गट तोच आहे. तो तयारही होता, मी नको म्हटलं. एकुलतं एक पोर, त्याच्या अंगातलं रक्त काढून मी जगायचं? शिवाय त्या दिवशी धावपळ त्यालाच करायची. मग एकदम आठवला हौसेराव. कंत्राटावरचा हमाल, गाडीत पिंपं चढवतो. सत्तावीस डिसेंबरलाच त्याने आमच्या सुपरवायझरच्या बायकोला ओ निगेटिव्ह दिलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

आता दोन बाटल्यांमध्ये तीन महिने जावे लागतात म्हणे. त्याला लिहिता येत नाही, म्हणून फॉर्म मीच भरला. 'यापूर्वी रक्त कधी दिले' यापुढे जून लिहिलं. एकतीस वर्षांत अशा पुष्कळ वेळा इकडच्या तिकडे केल्यात, कुणाचं काही बिघडलं नाही. तो जरा घुटमळला. म्हणाला, "टायमसाब, तवापासनं वाइच गरगरतंय." मी म्हटलं, साखरपाणी पी. आणि दुपारच्या गाडीला हजर राहा, म्हणजे तुझा खाडा लागणार नाही. मान हलवून गेला. साधा माणूस आहे.

१५ जानेवारी, हॉस्पिटल

छातीचे केस भादरले. आरशात सोललेल्या कोंबडीसारखा दिसतो. पडल्या पडल्या त्रिशरण म्हटलं. रोहन बाकावर झोपलाय. उद्या सकाळी आठला.

२७ जानेवारी, नेरूळ

जिवंत आहे! रोहन आणि वॉचमनने खुर्चीत बसवून वर आणलं. छातीचं हाड कापून तारेने बांधलंय. पथ्यं ऐकून हसावं की रडावं कळेना. खोकला आला की उशी छातीशी धरायची. उताणं झोपायचं. हात खांद्यावर न्यायचा नाही. काही ढकलायचं नाही, ओढायचं नाही. जिना महिनाभर बंद. रोगापेक्षा इलाज भयंकर!

दुपारी गंमत म्हणून दोन पायऱ्या उतरलो तर सोनम रडायलाच लागली. ठरलं असं की दोघं कामावर गेली की बाहेरून कुलूप. ती शाळेत, हा ऑफिसात. दहा ते पाच मी एकटा. आतल्या दाराच्या वरच्या कडीला माझा हात पोचत नाही, लोखंडी दार मला सरकत नाही. फोनचा नंबर अजून लागलेला नाही. घरचा कैदी झालो, पण जेवण चांगलं आहे.

हौसेराव भेटायला आला नाही, असं मी म्हटलं. रोहनने सूप गार होतंय म्हणून विषय बदलला.

३० जानेवारी

नाव घेतलं आणि आज हजर! दुपारी दीडला डोळा लागला होता. उघडून बघतो तर दाराशी फरशीवर हौसेराव बसलेला. आत कसा आलास विचारलं, तर म्हणाला, मला काय दार लागतंय व्हय. त्याला काय म्हणायचं होतं कळलं नाही. शेजारच्या खुर्शीदबींकडे जास्तीची चावी असेल, त्यांनी उघडलं असणार. खुर्चीवर बस म्हटलं, बसला नाही. डावा हात कोपरात दुमडून धरलेला. मी आभार मानले, तुझ्यामुळे वाचलो म्हटलं. त्याने माझ्या छातीवरच्या जखमेकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमाला बरं हाय न्हवं?"

रात्री जेवताना सांगितलं, हौसेराव आला होता. रोहनचा घास हातातच राहिला. सोनम चटकन म्हणाली, बरं झालं बाबा, वेळ गेला तुमचा. हमाल माणूस घरात आलेला रुचला नसावा. फ्लॅट घेतला की माणसं बदलतात.

२ फेब्रुवारी

रोज येतो. रोज त्याच जागी बसतो. बोलणं फार नाही. पहिल्या दिवशी पांढरा फटक वाटला होता, आता तोंडावर तेज आलंय. मी मात्र उठलो की डोळ्यापुढे अंधारी येते. पायात गोळे येतात. आज लॅबचा माणूस रक्त घेऊन गेला. हॉस्पिटलातून निघताना हिमोग्लोबिन अकरा होतं, आता नऊ. जखमा कोरड्या, ताप नाही, मग जातंय कुठे? डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. सोनम बीट आणि पालक शिजवते आहे. घर बिटाच्या वासाने भरलंय.

हौसेरावला हे सांगितलं तर तो पहिल्यांदा हसला.

५ फेब्रुवारी

खुर्शीदबी आपल्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मी जाळीतून हाक मारली. म्हटलं, त्या माणसाला रोज दार उघडून देता, रोजे चालू असताना तुम्हाला त्रास. त्या म्हणाल्या,

"कुठला माणूस, चाचा? चावी माज्याकडे नायच. दोनी चाव्या रोहन आन सोनमकडेच असतात. तुमच्या दाराला दुपारचं कुनी हात पन लावत नाय."

मी आत येऊन बसलो. दाराकडे बघितलं. आतली वरची कडी लावलेली होती, आणि तिथे माझा हात पोचत नाही.

६ फेब्रुवारी

काल रात्री रोहनला धरून बसवलं. खरं सांग, नाहीतर गोळ्या घेणार नाही म्हटलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग सांगितलं.

हौसेराव सोळा तारखेलाच गेला. सकाळी रक्त देऊन, वडापाव खाऊन, दुपारच्या गाडीला हजर झाला. फळीवरून पिंप चढवताना चक्कर आली. पिंपासकट मागे पडला. तेव्हा मी टेबलावर होतो, आणि त्याचं रक्त माझ्यात चाललं होतं.

हृदयाच्या माणसाला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही म्हणून सगळ्यांनी लपवलं. मी 'तो आला होता' म्हटलं तेव्हा दोघांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला, आणि हो ला हो केलं. आठवडाभर मला कुणी खोटं पाडलं नाही!

फॉर्मवर लिहिलेल्या जूनबद्दल मी रोहनला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

सोनमने रजा घेतली. तीन दिवस तो आला नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थांबवून यंत्रावर ठेवतात तेव्हा काहींना असे भास होतात, महिन्यात जातात. मला पटवून घ्यायचंय. हिमोग्लोबिन तीन दिवसांत अर्धा पॉइंट वर आलं. तरी दाराकडे पाठ करून बसवत नाही.

मी म्हटलं, कुलूप लावू नका, चावी माझ्या उशाशी ठेवा. रोहन म्हणाला, भास झाला की तुम्ही जिना उतरत सुटाल, छातीची तार सुटेल. मी म्हटलं, मग मला तुर्भ्याला नेऊन टाका. तो उठून गॅलरीत गेला. पोरगं माझ्यासाठीच करतंय. त्याच्यावर रागावताही येत नाही.

१२ फेब्रुवारी

सोनमच्या शाळेत परीक्षा, ती गेली. कुलपाचा आवाज ऐकला. तिची पावलं खाली जाईपर्यंत मोजली.

तो आला. दार उघडलं नाही. मी बघतच होतो. आधी नव्हता, मग होता.

मी रडून माफी मागितली. मनापासून मागितली. तो म्हणाला, रागवायला न्हाय आलो. कायदा तुमीच सांगितला. बाटली नेली की बदली द्यायची. माझी अजून बदली आल्याली न्हाय, म्हणून मला म्होरं सोडत न्हाईत. तुमच्यातनं रोज वाइच वाइच नेतो, पन त्यानं बाटली भरत न्हाय, एका मानसाची पुरी लागते. आन कागुद भरल्याला लागतो.

"मला लिवता येत न्हाय, साब. कागुद तुमीच भरा."

१३ फेब्रुवारी

गॅलरीपर्यंत भिंत धरून गेलो. खुर्शीदबींना हाक मारली. आवाज निघत नाही, छाती फाटते. रोज्याची दुपार, सगळं घर झोपलेलं. कडीकडे हात वर नेला, तारेत कळ आली, खाली बसलो.

तो बघत होता. मदत करू का म्हणाला. मी नको म्हटलं.

रात्री रोहनला सांगितलं, दुपारी कुणीतरी थांबा. तो म्हणाला सोमवारपासून बाई ठेवतो. सोमवार!

१४ फेब्रुवारी

हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ. उद्या संध्याकाळी पुन्हा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. उद्या संध्याकाळी. मध्ये दुपार आहे.

तो आता गुबगुबीत दिसतो. डायरीकडे बोट दाखवतो. त्यात लिहिलं तरी चालेल म्हणतो. नाव, गट, आधी कधी दिलं. माझं नाव लिहिलं तर मी आजच —

लिहिलं नाही. मला मरायचं नाही.

गट तोच असला म्हणजे झालं, म्हणतो. माणूस कुठला का असेना.

मला माहीत आहे तो काय विचारतोय. त्याला कसं कळलं

१५ फेब्रुवारी

एक वाजला. उठवत नाही. नखं पांढरी. तो आज जवळ सरकलाय, पायाशी. पाय गार पडत चाललाय, शीर काढली तोच.

संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे. फक्त संध्याकाळ

दीड. थांब म्हटलं, थांबत नाही. श्वास —

लिहितो. लिहितो म्हटलं. थांब.

नाव — रोहन सीताराम
गट — ओ निगेटिव्ह
यापूर्वी रक्त कधी दिले — कधीच नाही

थांबला. श्वास येतोय. पायात ऊब आली. बरं वाटतंय. काय केलं मी

खोडतोय. दोनदा खोडलं. शाई सुकते आणि खालून अक्षरं जशीच्या तशी दिसतात.

अडीच. कुलपाची चावी फिरतेय. आत्ता? रोहन आहे. बाहेरूनच म्हणतोय, बाबा, ऑफिसात गरगरलं, साहेबांनी घरी पाठवलं. लोखंडी दार सरकलं. कडी आपली आपणच निघाली, लाकडी दार सताड उघडं. वारा आला. एवढे दिवस हेच दार उघडावं म्हणून —

तो पायाशी नाही. उठलाय. दाराकडे निघालाय —

ओरडता येत नाही. रोहन उंबऱ्यातच बसला, पाणी मागतोय. डायरी त्याच्याकडे धरतो, मोठ्या अक्षरात लिहितो, वाच पोरा, आत येऊ नकोस, जिना उतर, पळ, तुझं नाव मीच