आता वेणी मी घालतो

आबा, तुमच्या खुर्चीत परवापर्यंत रोज सकाळी आई बसायची. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं होतं. खुर्ची तीच, दारातल्या उन्हात, आणि चहा तिला मी नेऊन द्यायचो. माझी बायको पेठ वडगावला दवाखान्यात नर्स आहे, तिला पहिली एसटी गाठावी लागते. त्यामुळे पोरांना उठवणं, आंघोळी, डबे, पोरीच्या वेण्या, सगळं माझ्याकडं. कणीक आदल्या दिवशीच मळून ठेवतो, दप्तरं झोपायच्या आधी भरून दाराशी, कपडे इस्त्री करून खुंटीला. माझी ड्युटी त्यानंतर. सकाळी आमच्या घरात कुणी कुणावर ओरडत नाही. हे मुद्दाम लिहितोय. तुम्हाला झोंबावं म्हणून.

तो डबा आठवतो तुम्हाला? आईच्या अंगात ताप होता, तरी हुपरीच्या शाळेत शिकवायला निघायच्या आधी ती आम्हा दोघा भावंडांचं आवरत होती. तुम्ही खुर्चीतून नुसतं विचारत होता, "माझे मोजे कुठं हाईत? च्या हाय का न्हाई?" भाकरी थापायला वेळ नव्हता, म्हणून तिनं रात्रीच्या भाताला फोडणी दिली आणि तुमच्या डब्यात भरला. तुम्ही झाकण उघडून बघितलंत आणि डबा अंगणात भिरकावलात. "नोकरी करतीस म्हणून नवऱ्याला शिळं घालतीस व्हय?" आई खाली बसून भात गोळा करतेय, तिची एसटी निघून जातेय, मी तिच्याशेजारी वाकतोय, आणि तुम्ही दंडाला धरून मला उठवताय. "बायकांत काय घोटाळतोस? बाप्या माणूस हाईस न्हवं?" त्या दिवशी आईची रजा पडली. तुम्ही मात्र वेळेवर कामाला गेलात.

म्हणून परवा काका आले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पोरगी माझ्या पुढ्यात, रिबन माझ्या दातांत. तुमचा धाकटा भाऊ उंबऱ्यातच थांबला. "दादा असता तर काय म्हणाला असता रं?"

"त्यांनी बघावं म्हणूनच तर घालतोय, काका," मी म्हणालो आणि आईकडं बघितलं. वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. काका गेल्यावर म्हणाली, "एक विचारू? ह्या खुर्चीत मला बसायचं हाय का, हे कधी विचारलंस? पाठ दुखती माझी हिच्यात. भांडण तुझं आन त्यांचं, आन मला कशाला रोज मांडून ठेवतोस?" मग उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. पोरीची दुसरी वेणी तशीच अर्धी राहिली होती, ती पुरी केली.

खुर्ची मी काल भंगारवाल्याला दिली. राग गेला असं समजू नका, तो अंगणातला भात मी विसरणार नाही. हे पत्र तर कुठं टाकायचंच नाही, म्हणून सांगतो. तुम्ही असता तर तुम्हाला रोज सकाळी तव्यापुढं उभं केलं असतं, बोटांना चटके बसू दिले असते, आणि हूं की चूं करू दिलं नसतं. तुमची पहिली भाकरी करपलीच असती. ती मी बहुतेक खाल्ली असती.