वर्गाबाहेरचा बाक

कुरुद, भिलाई
२८ जानेवारी २०२५

चि. सूनबाई आम्रपाली,
सप्रेम जय भीम.

घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या आत्याबाईचा गुडघा थंडीनं दुखून राहिला, पण बसायचं नाव घेत नाही. प्रफुलची या हप्त्यात बी शिफ्ट आहे. खरगपूरचं ट्रेनिंग कसं चालू आहे, मेसचं जेवण पचते की नाही, ते कळव. फोन सोडून मामाजीनं कागद कावून घेतला म्हणशील. फोनवर तू मधे बोललीस तर मी थांबून जाईन, अन् मले थांबायचं नाही.

तुझी लेक प्रांजली बरी आहे. हे आधीच लिहून ठेवतो.

शाळेत सव्वीस जानेवारीच्या परेडीची तयारी चालू होती. मागच्या मंगळवारी बँडच्या पोरांनी हॉलमध्येच ड्रम वाजवले. आपली पोरगी कान दाबून बाकाखाली गेली. खेळाच्या भूषण सरांनी तिले हात धरून बाहेर ओढलं, तर तिनं त्यांच्या मनगटाले चावा घेतला. रक्त निघालं. बुधवारी तिले वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवलं. गुरुवारीही. घरी तिनं काही सांगतलं नाही. गुरुवारी प्रिन्सिपल मॅडमनं मले बोलावलं, म्हणून गेलो, तेव्हा दिसली. बाकावर एकटी, दप्तर मांडीवर, तोंड भिंतीकडे.

मॅडमच्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टाइप करून तयार होता. पोरगी मारकुटी आहे, बाकीचे पालक तक्रार करून राहिले, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगतलं अन् पेन पुढं केला. मी पेन घेतला नाही.

भूषण सर हाताले पट्टी बांधून तिथंच उभे होते. मी त्यांची माफी मागितली. ते हळूच म्हणाले, "बाबूजी, मुझे मालूम होता तो मैं हाथ नहीं लगाता. किसी ने बताया ही नहीं."

आता लिहितो, आम्रपाली. नोव्हेंबरात जाताना तू डॉक्टरचा रिपोर्ट माझ्या हाती दिला होता. म्हणाली होतीस, मामाजी, शाळेत द्या अन् शिक्का घेऊन या. मी तुले फोनवर सांगतलं की दिला. मी दिला नव्हता. तो कपाटात माझ्या सर्विसच्या फाइलीखाली पडला होता.

कावून, ते ऐक. माझ्या बापाले, पुंडलिकले, गावच्या शाळेत दाराबाहेर बसवत. मी प्लांटात लागलो तर माझ्या कामाच्या आधी लोक माझं जातीचं सर्टिफिकेट वाचत. कागदावरच्या एका शब्दानं माणसाले कसं मोजतात, हे मी बत्तीस वर्षं पाहिलं. रिपोर्टावर 'ऑटिझम' वाचलं अन् वाटलं, आपल्या नातीच्या कपाळावर अजून एक शब्द मी माझ्या हातानं कावून चिकटवू? लपवलं तर वाचेल. अन् मी लपवलं म्हणूनच ती तिथं बसली, जिथं माझा बाप बसला होता.

हे सांगून मी सुटत नाही. माहीत आहे मले.

तसाच स्कूटरवर घरी आलो. रिपोर्ट घेतला, झेरॉक्स काढल्या, अन् मिलमधे मी कानावर घालत होतो ते जाड मफही पिशवीत टाकले. दोन वाजता परत मॅडमपुढं. म्हटलं, हा कागद तीन महिने उशिरा आला, तो गुन्हा माझा, पोरीचा नाही. शिक्का द्या. मफ पाहून त्या म्हणाल्या, हे युनिफॉर्ममध्ये बसत नाही.

मी म्हटलं, "मॅडम, रोलिंग मिलमध्ये हे घातल्याशिवाय आमाले आत सोडत नव्हते. तिथं आमाले कोणी पागल म्हटलं नाही. मग दहा वर्षांच्या पोरीले कावून म्हणता?"

दिव्यांगांच्या कायद्याचंही बोललो, जो तूच मले वाचून दाखवला होता. त्यांनी शिक्का दिला, पण म्हणाल्या, सव्वीस तारखेनंतर पाहू. मी बाहेर येऊन प्रांजलीच्या बाजूले बाकावर बसलो. शुक्रवारी पहिल्या घंटीपासून शेवटच्या घंटीपर्यंत बसलो. चपराशानं उठवलं, उठलो नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांनी विचारलं, त्या सगळ्यांले सांगतलं: आमच्या नातीले ऑटिझम आहे, तिले आवाज टोचते, ती मारकुटी नाही. जो शब्द तीन महिने कपाटात कोंडला, तो एका दिवसात चाळीस लोकांले सांगतला. छत कोसळलं नाही.

संध्याकाळी तिले म्हटलं, बेटा, आबा चुकला. ती म्हणाली, "मग उद्या चुकू नका."

शनिवारी मॅडमनं लिहून दिलं. दाराजवळची जागा, कानाले मफ, ड्रम वाजताना लायब्ररीत बसायची मुभा, अन् सगळ्या शिक्षकांले माहिती. भूषण सर तिले वर्गात घेऊन गेले, हात न लावता, दोन पावलं पुढं चालत. रविवारी झेंडावंदनाले ती गेली. ड्रम संपल्यावर लायब्ररीतून बाहेर आली अन् रांगेत उभी राहून लाडू घेतला.

सगळं मिटलं असं समजू नको. दोन पालकांचा अर्ज अजून आहे, मार्चमध्ये मीटिंग ठेवली आहे. मी जाणार आहे.

परवा प्रफुल म्हणाला, पोरीची आई घरी असती तर हे झालं नसतं, आम्रपालीले बोलावून घेऊ. मी त्याले सांगतलं, आईनं जायच्या आधी सगळं केलं होतं, बुढ्यानं एक कागद पोचवला नाही. तू निघाली तेव्हा मीही बोललो होतो की लेकरू टाकून आईनं जायचं नसते. तो शब्द मी परत घेतो. ट्रेनिंग पूर्ण कर. अर्धवट सोडून आलीस तर मी स्टेशनवर घ्याले येणार नाही.

पत्र वाचून फोन कर. जे बोलायचं ते बोल, हातचं राखू नको. मी मधे तोंड उघडणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
अन् आता कोणाच्याही दारात खाली मान न घालणारा,
तुझा मामाजी
जानराव