रिंकीचा टिगर

७ जुलै, सोमवार
आणि चप्पल माझीच काऊन? वर्गात बत्तीस पोट्ट्यांच्या चपला आहेत, मॅडमची सॅण्डल आहे, पण रिंकीले फेकायले माझीच सापडते. आज तिसऱ्यांदा छपराच्या कवेलूवर गेली. शिपाई कवडू म्हणते, मावशी, वरच ठेवत जा, माझी शिडी वाचेल. दात काढू नोको म्हटलं.
अकरा वर्षं या शाळेत खिचडी रांधली. आता दुसरीत रिंकीची मदतनीस आहे. पोट्टी आठ वर्षांची. बोलणं जवळपास नाई. भडकली की फेकते, चावते, पळते. हेडमास्तर पटले सर म्हणे, पोळ्यापर्यंत पाहू. पोट्टी शांत झाली तर तू कायम वर्गात, नाई तर परत चुलीवर. वर्गात मले खुर्ची आहे, पंख्याखाली. मी चुलीवर जात नाई. पंधरा दिवसांत सरळ करते तिले.

९ जुलै, बुधवार
गोंदियावरून रेणू मॅडम आली. अशा पोट्ट्यांसाठी शिकलेली आहे, दर बुधवारी येते. मले वही दिली. तीन खाने. आधी काय झालं, रिंकीनं काय केलं, मंग काय झालं. म्हणे ताई, खरं खरं लिहा. आणि रिंकीचा टिगर शोधा.
मी चौथी पास. पण शिकलेले लोक टायगरले टिगर म्हणतात, एवढं समजते. आपल्या इकडे वाघाची काय कमी आहे?

१० जुलै, संध्याकाळ
रिंकीची माय भूमेश्वरी धानाच्या रोवण्यावरून घरी येऊन राहिली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. रस्त्यातच धरली. म्हटलं, पोट्टीनं वाघ पाहिला का? म्हणे, मागच्या साली नाल्याजवळून आमचा गोऱ्हा नेला वाघानं, पण रिंकी तर घरी झोपून होती. झोपून होती तरी वास येते ना.
सापडला टिगर. वर्गातला प्राण्यांचा तक्ता काढून कपाटामागं टाकला. दुसरीची हर्षा मॅडम विचारून राहिली, तक्ता कुठं गेला? मी खिडकीबाहेर पाहिलं.

१६ जुलै, बुधवार
रेणू मॅडमले सांगितलं, टिगर काढला. ती पाणी पीत होती, नाकातून आलं. म्हणे ताई, ट्रिगर. बंदुकीचा घोडा असते ना, दाबला की गोळी सुटते, तो. कशानं पोट्टी भडकते ते शोधा.
मंग घोडा म्हणायचं ना सरळ.
तक्ता परत लावला. वाघाचा कान फाटला. दुर्गेशनं फाडला म्हणून सांगितलं.

१८ जुलै
घोड्याचा तपास. संशय: घंटी. पंखा. हर्षा मॅडमचा सेंट. मागच्या बाकावरचा दुर्गेश, सारखा नाक ओढते. सगळ्यांवर नजर आहे.

२४ जुलै
वही भरून राहिली. आजचं:
मी म्हटलं बाकाखालून निघ. चावली. मी हात सोडला.
मी मागून गेली, दप्तर उचल म्हटलं. डबा फेकला. मी दूर झाली.
मी म्हटलं काऊन फेकला. पळाली. मी बी पळाली.
गुडघे गेले. अक्षर मात्र चांगलं आलं. घोडा अजून दिसत नाई. मले वाटते दुर्गेशच.

१ ऑगस्ट, शुक्रवार
मनगटाले चावली. आरोग्य केंद्रात सुई घेतली. नर्स विचारते, कुत्रं का? सर म्हणे, जरा हळू घे. मी हळूच घेते. कोणाले किंमत नाई.
ठरलं. सोमवारपासून चार दिवस तिरोड्याले बहिणीकडे. पोट्टी शाळा डोक्यावर घेईल, मंग हेच लोक फोन करतीन. पहिला फोन उचलायचा नाई.

५ ऑगस्ट, तिरोडा
फोन नाई. रेंज नसेल. भाच्याले म्हटलं तुझ्या फोनवरून मले लावून पाह्य. लागला.

६ ऑगस्ट, दुपार
शाळेतून आला. उचलला नाई. दुसऱ्यांदा उचलला. सुलोचनाबाई होती, आता खिचडी तीच रांधते. मोठा झारा कुठं ठेवला म्हणे. मी म्हटलं रिंकी कशी आहे? म्हणे कोण? हां, ती. जेवली. ताट बी धुवून ठेवलं.
ताट धुतलं? बिमार असेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार
परत आली. रिंकी खिडकीजवळ चिंचोके ओळीनं मांडून राहिली होती. मी दारातूनच हाक मारली, रिंकेऽऽ. तिनं मले पाहिलं आणि दोन्ही हात कानाले लावले. कान धरून माफी मागून राहिली पोट्टी. मले भरून आलं. जवळ गेली, मोठ्यानं सांगितलं, जा, माफ केलं.
चिंचोके सगळ्या वर्गात गेले.

१३ ऑगस्ट, बुधवार
रेणू मॅडमनं वही वाचली. पहिल्या खान्यावरून पेन्सिल फिरवत गेली. रिंकी एकेचाळीस वेळा भडकली. त्यातल्या छत्तीस वेळा आधीच्या खान्यात मी. मी म्हटलं, मी गेली, मी धरलं. सगळं माझ्याच अक्षरात. मी नव्हती त्या चार दिवसांत हर्षा मॅडमचं अक्षर. काही नाही. काही नाही. काही नाही. काही नाही.
मॅडम म्हणे, ताई, इतकं खरं कोणी लिहीत नाई.
मी विचारलं, बाकीच्या पाच वेळा कोण? घंटी म्हणे.
दुर्गेश एकदाही नाई.

१८ ऑगस्ट, सोमवार
सरनं ऑफिसात बोलावलं. पोट्टी आता बरी आहे म्हणे, हर्षा मॅडम सांभाळून घेते. सुलोचनाबाईले एकटीले जड जाते. पोळा झाला की चुलीवर ये.
मी म्हटलं, शांत झाली तर कायम वर्गात, हे तुम्हीच म्हणले होते. झाली ना शांत? म्हणे झाली. मंग? सर चष्मा पुसत बसले. मी चार दिवस गेली म्हणून शांत झाली, म्हणजे माझ्याच करण्यानं झाली, हेही सांगितलं. चांगलं ठणकावून सांगितलं.
तेवढ्यात रिंकी ऑफिससमोरून गेली. हात कानाले. आज माफी कायची? मी तर तिले काही बोललीच नव्हती.
घरी येऊन भाजी चिरता चिरता समजलं. तिनं कान धरले नव्हते. झाकले होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सरले द्यायची चिठ्ठी. आधी इथं लिहून पाहते.
पटले सर, मी ओरडत नाई. माझा आवाजच तसा. अकरा वर्षं दोनशे ताटांच्या खडखडाटावरून बोलली, आता दुसरा निघत नाई. काल घरी हळू बोलून पाहिलं. नवरा घाबरला, ताप आहे का म्हणे. म्हणजे जमते मले. एक महिना द्या. मागून जाणार नाई, हात धरणार नाई, सांडलेले चिंचोके मी वेचीन. खुर्ची नोको, खाली बसते. मले वर्गात ठेवता का नाई, ते गुरुवारी शाळा सुटायच्या आत कागदावर लिहून द्या. तोंडी सांगू नका. नाई म्हणाल तर माझा आवाज चढेल, आणि तुमच्या भिंतीपलीकडं दुसरीचा वर्ग आहे.