आप्पांच्या नऊ फायली

२ सप्टें., सोमवार
दौलतगंजच्या आमच्या शाखेची पाटी आज उतरवली. भिंतीवर जुन्या अक्षरांचे पांढरे डाग राहिलेत. विलीनीकरण म्हणजे आम्ही अकराजण नया बाजारच्या शाखेत जाणार, नाहीतर आणखी कुठे. यादी अजून लागलेली नाही.
हजेरी यापुढे फोनवर. नवीन बँकेचं अ‍ॅप पुढच्या सोमवारपर्यंत घालायचं, नाहीतर गैरहजेरी. घालायला गेले, तर फोन म्हणतो जागा नाही.

४ सप्टें., बुधवार
जागा करत बसले. लग्नांचे फोटो गेले, परिपत्रकं गेली. तरी पुरेना.
मुक्ता म्हणाली, "आई, तुझे गाने सबसे ज़्यादा जगह खाताहेत."
गाणी कसली. आप्पांच्या नऊ फायली आहेत त्या. घशाच्या ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस आप्पा रोज सकाळी गायले आणि मी फोन समोर ठेवून दिला. मग स्वरयंत्र काढलं. दोन वर्षं झाली. आता पाटीवर लिहून बोलतात, आणि मी ऑफिसला निघेपर्यंत माझ्या फोनवर स्वतःचं गाणं ऐकतात.
त्या पुसायच्या कशा.

७ सप्टें., शनिवार
तोड निघाली. आप्पांसाठी छोटा प्लेअर आणि एक कार्ड आणलं. कार्डावर ३२ जीबी लिहिलंय. नऊच्या नऊ फायली त्यात घातल्या. नावं मोजली, नऊ. मग फोनवरच्या पुसल्या. अ‍ॅप लगेच बसलं.
आप्पांनी पाटीवर लिहिलं, 'बरं झालं. तू गेलीस तरी गाणं घरी राहील.'

१२ सप्टें., गुरुवार
दोन्ही शाखांचा मिळून एक ग्रुप झालाय. दिवसभर परिपत्रकं, स्वागताचे फोटो. त्यांचे लोक आम्हाला 'उधरवाले' म्हणतात. यादी नाही.
आप्पा सकाळी प्लेअर घेऊन, इयरफोन लावून खिडकीशी बसलेले. डोळे मिटून, मांडीवर ताल. तेवढंच बरं वाटतं.

१९ सप्टें., गुरुवार
मुक्ताने सहज प्लेअर हातात घेतला. म्हणाली, "आई, ये तो सब खाली हैं."
नऊ नावं. प्रत्येकापुढे शून्य. तिने कॉम्प्युटरला लावून बघितलं. कार्डच नकली. नावं मावली, आवाज मावला नाही.
बावीस वर्षं बँकेत दुसऱ्याची सही दोनदा पडताळून बघते. हे एकदा वाजवून बघितलं नाही.
आप्पा मागच्या अंगणात होते. सांगितलं नाही.

२० सप्टें., शुक्रवार
संध्याकाळी ऑफिसातून सुटून नया बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे. फोन उघडून बराच वेळ बघत होत्या.
"मिटाने के बाद इसमें क्या-क्या डाला?"
अ‍ॅप, म्हटलं. परिपत्रकं. फोटो.
"वही तो. जो नया आता है, पुराने के ऊपर बैठता है." मग म्हणाल्या, "चार-पाँच दिन छोड़ जाइए. गारंटी नहीं है. और अब इसमें कुछ मत डालिएगा."
फोन नाही तर हजेरी नाही. तरी देऊन आले.

२१ सप्टें., शनिवार
सकाळी आप्पांना सांगितलं. सगळं. कार्ड, पुसणं, दुकान. पाटी त्यांच्या मांडीवर होती. मग लिहिलं,
'पहिल्याच दिवशी कळलं.'
"मग रोज कानात घालून काय ऐकत होतात?"
'काही नाही. तू दारातून बघायचीस.'
पुसून परत लिहिलं, 'सगळं आठवतं, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशीचा अंतरा आता आठवत नाही.'
पुढे लिहायला घेतलं, आणि पाटी उलटी ठेवली.

२३ सप्टें., सोमवार
मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "मॅडम, यादी बन रही है और आप अभी फोन जमा करके बैठी हैं?" वडिलांचं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "मैं समझता हूँ. सिस्टम नहीं समझता." रजिस्टरात सही करू का विचारलं. रजिस्टर बंद झालंय.

२५ सप्टें., बुधवार
यादी लागली. माझं नाव नया बाजारच्या शाखेत नाही. मुरैना. रोज बसने जाऊन-येऊन. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, हजेरीमुळेच. असेल. नसेलही.
घरी आप्पांना मुरैना तेवढं सांगितलं. हजेरीचं नाही.

२६ सप्टें., गुरुवार
फोन मिळाला. बाई म्हणाल्या, "तीन फाइलें निकली हैं. नाम उड़ गए. पूरी हैं कि नहीं, मैंने सुनी नहीं. आपके घर की चीज़ है."
तीन. कोणत्या दिवसांच्या, माहीत नाही. त्यांचं गाणं आहे की नुसतं खोकणं आणि तंबोरा, तेही नाही.
घरी येऊन आधी मुक्ताच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तिच्या मैत्रिणीकडेही एक प्रत. मग फोन आप्पांपुढे धरला. त्यांनी इयरफोन हातात घेतला, वायर सरळ केली, आणि माझ्याकडे दिला.
पाटीवर, 'आधी तू.'
मी म्हटलं, आप्पा, मला सुरातलं काय कळतंय.
त्यांनी तेच दोन शब्द परत गिरवले.
इयरफोन कानात घातलाय. आप्पा समोर बसलेत, माझ्या चेहऱ्याकडे बघत.