नऊ मेची सहल

ब्राशोव,
२ मे १९९८

सौ. झामफिरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोआदेरची पाठ कशी आहे? माझ्या भावाला इतक्यात छपरावर चढवू नकोस.

नऊ तारखेला आईला जाऊन वर्ष होईल. तिला घरात एकटं टाकून तू चर्चच्या सहलीबरोबर सिनायाचा राजवाडा बघायला गेलीस, आणि माझी आई हातात पेटती मेणबत्ती नसताना गेली. आता तिकडे कायमची अंधारात चाचपडते आहे. वैऱ्यालाही असं मरण येऊ नये. यंदाची सहल त्याच दिवशी आहे म्हणे. मीही येते. तू काय बघत होतीस ते मला बघायचंय. सबबी सांगू नकोस.

लोभ तुझा तुझ्यापाशीच राहू दे.
अग्लाया

*

१२ मे १९९८

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात ना? गाडीत तुम्हाला फार मळमळत होतं.

आरशांच्या दालनात, पहारेकरीण ओरडत असताना, तुम्ही पिशवीतून आईंच्या नावानं वाटायचे शिजवलेले गोड गहू आणि मेणबत्ती काढून माझ्या हातात ठेवलीत. वर म्हणालात, की घे, गेल्या वर्षी तू इथं मिरवत होतीस तेव्हा तिला हवी होती. मेलेल्याच्या नावाचं दान नाकारता येत नाही, हे ओळखूनच आला होतात. चाळीस बायकांसमोर मी ते घेतलं आणि रीतीप्रमाणे, देव आईंना क्षमा करो, म्हटलं. आता मी दुकानात शिरले की सगळ्या गप्प होतात. झालं तुमच्या मनासारखं.

त्या सकाळी आईंनीच मला गाडीत बसायला लावलं. म्हणाल्या, अकरा वर्षं माझं हगणंमुतणं काढलंस, एक दिवस राणीचं घर बघून ये. त्या अकरा वर्षांत तुम्ही चारदा आलात. एकदाही रात्र काढली नाहीत.

तुम्हाला मूलबाळ नाही, यजमानही गेले. तुमची वेळ येईल तेव्हा हातात मेणबत्ती धरायला उरले मी. तर वन्सं, त्या दिवशी मी सहलीला जाणार आहे. सहल नसली तर काढीन.

मोठ्यांनी लोभ धरावा, धाकट्यांनी तो विसरू नये.
झामफिरा

*

ब्राशोव,
२० मे १९९८

सौ. झामफिरा हिस,

पत्र पोचलं. तुझ्या तोंडाकडे बघत बसायची वेळ माझ्यावर आलेली नाही. मेणबत्तीचं शेजारच्या रुक्सांद्राबाईंना सांगून ठेवलंय. त्या आनंदानं तयार झाल्या. ऑगस्टमध्ये त्यांना एक्क्याण्णव पूर्ण होतील.

एवढंच कळवायचं होतं.
अग्लाया