येळवशीचं बोलावणं

नांदेड,
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

चि. रविकिरण यास उज्वलाताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू गोड बोलतोस, मी हसते आणि तू सुटतोस. तीन वर्षं मार्गशीर्ष अवसेची येळवस अशीच गेली, म्हणून यंदा हा कागद.

गुरुवारी रुद्राणी आणि शिवम सकाळपासूनच पिशव्या भरून तयार. संध्याकाळी मामा न्यायला येणार आणि शुक्रवारी येळवशीचा अख्खा दिवस शेतात, एवढंच चाललेलं. शाळेत सुट्टीचा अर्जही दिलेला. पाच वाजता तू कळवलंस की गाडी बिघडली, औशाला गॅरेजात अडकलीय. शिवम जिन्यात बसून रडला. सहा वर्षांचं लेकरू ते, नवा शर्टसुद्धा उतरवू देईना. रुद्राणी दहाची, ती रडली नाही. गाडी कुणाचीही बिघडते, असं म्हणत तुझी बाजू घेऊन तीच त्याला समजावून राहिली होती.

शुक्रवारी दुपारी तुझ्या बायकोनं, तनुजानं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. तीच गाडी आपल्या बांधावर उभी! कडब्याच्या कोपीसमोर सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर लातूरचे कुणी साहेब बायकापोरांसकट आंबील पीत बसलेले. त्यांच्या पोरांना तू ऊस सोलून देत होतास. मोबाईल रुद्राणीच्या हातात होता रे, फोटो तिनंच आधी बघितला. मोबाईल पालथा ठेवला आणि शिवमला घेऊन खाली खेळायला गेली.

आज शाळेत गेले तर बाई एकदम खूश. म्हणाल्या, रुद्राणीनं वर्गात येळवस काय छान सांगितली! कोपीतली पांडवांची पूजा, भज्जी-उंड्यांचं जेवण, मामानं सोलून दिलेला ऊस. मी बापडी हाव हाव करत मान हलवत राहिले. मामाची इज्जत राखायला माझी लेक खोटं बोलायला शिकली, लई मेहरबानी केलीस बाबा.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज हात धजत नाही.

तुझी,
उज्वलाताई


चाकूर,
३० डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस, रविकिरणचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आन् दोन दिवस कशात मन लागलं न्हाई. ताई, गाडी बिघडली नव्हती. खोटं बोललो. पंचायत समितीचं तिकीट त्या साहेबांच्या शब्दावर हाय. त्यांना येळवशीला बोलावलं होतं, घरून आणायला गाडी लागत होती.

तुम्ही बसनं या, असं सांगता आलं असतं, हे तू लिहिलं न्हाईस, पण तुझ्या मनात असंल. खरं सांगतो, लेकरं आली की माझ्या अंगाखांद्यावरच असतात. मग साहेबांकडं कोण बघणार? त्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला काही कमी पडू द्यायचं न्हाई, ही आपली रीत तुलाबी ठाऊक हाय.

आन् ताई, लेकरं आपलीच हायेत. चार दिवस रुसतील, पुन्हा मामा मामा करतील. साहेब रुसला असता तर माझं संपलंच होतं. घरच्यांनी समजून न्हाई घ्यायचं तर कुणी घ्यायचं?

सुट्ट्या लागल्या की एक मे रोजी मी स्वतः न्यायला येतो, शब्द देतो. शिवमला आत्ताच सांगून ठेव, दिवस मोजत बसंल बेटा. दाजींना नमस्कार.

लोभ हाय म्हणूनच भांडतेस, तो असाच राहू दे.

तुझा,
रविकिरण


नांदेड,
८ जानेवारी २०२६

ती. रविकिरण मामास, रुद्राणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईनं मला वाचायला दिलं. तुम्हा लेकरांबद्दल आहे, तूच वाच, म्हणाली. ती उत्तर लिहिणार नाही, म्हणून मी लिहून राहिले.

मला आधी लई राग आला होता. साहेबांची मुलं आमच्यापेक्षा चांगली असतील, असं पण वाटलं. आई म्हणाली, तसं काही नसतं. मग कसं असतं, ते तिनं सांगितलं नाही. बाईंना खोटं सांगितलं म्हणून ती मला रागावली नाही, नुसती पोळ्या लाटत बसली.

शिवमला मी फोटो दाखवला नाही. तो सगळ्यांना सांगतो की मामाची गाडी आजारी आहे. त्यानं त्याच्या खेळण्यातल्या ट्रकचं एक चाक काढून तुमच्यासाठी ठेवलंय. तुमच्या गाडीला बसणार नाही, असं मी त्याला अजून सांगितलं नाही.

एक मेचं पण मी त्याला सांगितलं नाही आणि आईला पण सांगू दिलं नाही. मागच्या वर्षी त्यानं दिवस मोजायला कपाटावर खडूच्या रेघा मारल्या होत्या. तुम्ही आला नाहीत तेव्हा त्या मलाच पुसायला लागल्या. तो बघत होता.

मामा, यायचं असेल तर सांगून नका येऊ. एकदम दारात या. नाही आलात तर शिवमला कळणारच नाही. मला कळेल, पण मी मोठी आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
रुद्राणी