रस्त्यावरून काढलेला आमच्या घराचा फोटो

चौल, ता. २० ऑक्टोबर १९५९

चि. माधव यास काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. पंधरा दिवस कागद पुढे घेतो आणि हात थांबतो. वाडीतली सुपारी यंदा बरी आहे. काकूचे गुडघे तसेच.

पेणच्या मंडळींकडून आमच्या श्यामलाची पत्रिका परत आली. आत साप्ताहिकाचे एक पान होते. त्यावर आपले घर! खाली छापले आहे, 'चौल येथील एक ओसाड घर. मालक गाव सोडून गेले.' चिठ्ठीत त्यांनी लिहिले, 'राहते घर सांगितलेत, हे काय?'

काकू म्हणाली, "अहो, मग दोन्ही वेळा चूल पेटवते ती भुतांसाठी की काय?"

घर माझे, घरपट्टी मी भरतो. न विचारता फोटो छापायचा हक्क यांना कोणी दिला? शाळेतले मास्तर म्हणतात, "काका, रस्त्यावरून काढलाय, त्याला कोण अडवणार?" पण खोटे छापले त्याचे काय? तू ज्यांच्याकडे काम करतोस त्या वकीलसाहेबांना विचार. तो फोटोवाला श्रावणात आला तेव्हा आम्ही वाडीत होतो.

माधव, हे वरचे खरे नाही. आम्ही घरातच होतो. पावसासाठी ओटीला विणलेल्या झावळ्या बांधल्या होत्या, त्यांच्या फटीतून मी त्याला पाहिले. पँट, गळ्यात कातडी पेटी. मला वाटले, सरकारी मोजणीवाला. ओटी दोन हात रस्त्यात घेतली आहे, तुला ठाऊक आहे. मी दाराला कडी घातली. त्याने तीनदा हाक मारली, "घरात कोणी आहे का? फोटो काढू का?" श्यामला ओ द्यायला उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवले.

आता ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

साप्ताहिकाने चुकीची दुरुस्ती छापली तर ते पान मी स्वतः पेणला घेऊन जाईन. पण हाक ऐकून गप्प बसलेल्या मालकाला कायदा दारात उभा करतो का? ओटीचे सांगावे लागले तरी सांगेन, पाडा म्हणाले तरी पाडीन.

दिवाळीनंतर पेणकर दुसरीकडे बोलणी करणार आहेत. त्याआधी दोन ओळी तरी पाठव, नकार असला तरी पाठव. मी घरीच आहे.

तुझा,
यज्ञेश्वरकाका